सबमिशनचं ड्रॉइंग जसंच्या तसं कसं जपावं

‘सेव्ह अ‍ॅज करा, नावापुढे आर-१ लावा, झालं.’ पुण्यातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसांत सबमिशनचं, म्हणजे मंजुरीसाठी दिलेलं, ड्रॉइंग जपायला नव्या मुलांना हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. सबमिशनच्या शीटमध्ये प्लॅन बहुतेक वेळा एक्सरेफने (बाहेरच्या फाइलचा दुवा देऊन) जोडलेला असतो. शीटची प्रत काढली तरी ती चालू प्लॅनलाच चिकटून राहते. वर्षभराने आर-१ उघडा, टायटल ब्लॉकवर (नाव-तारखेच्या चौकटीत) जुनी तारीख आणि आत आजच्या भिंती!

महापालिकेत किंवा पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) रिव्हाइज्ड सँक्शन, म्हणजे सुधारित मंजुरी, टाकताना, भोगवटा पत्राच्या वेळी किंवा महारेराकडे खुलासा करताना प्रश्न एकच येतो: त्या दिवशी आपण नेमकं काय दिलं होतं? रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. बदल कुठे झाला हे दाखवायला आधीचं ड्रॉइंग हाताशी हवं.

पुढचं सगळं ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर धरून सांगतो.

१. फोल्डर. तारीख आधी, मग काम, मग टप्पा: ‘२०२४-०६-१२_बी-विंग_सबमिशन’. ‘फायनल’ हा शब्द नावात नको.

२. दिलेली फाइल तीच ठेवा. जी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) आणि जी पीडीएफ अपलोड केली, तीच त्या फोल्डरात टाका. नंतर नव्याने काढलेली पीडीएफ चालणार नाही.

३. ईट्रान्समिट. शीटला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स एका पॅकेजमध्ये गोळा करणारी ही कमांड मूळ शीटवर चालवा. फॉन्ट सोबत घेण्याची खूण करायला विसरू नका, नाहीतर जुन्या फॉन्टमधलं मराठी टायटल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येणार नाही. प्लॉटमधले रंग आणि रेषांची जाडी ठरवणारी सीटीबी फाइलही पॅकेजमध्ये आली का ते बघा. प्रस्तावित काम लाल आणि पाडायचं काम पिवळं दाखवलेलं असतं. प्लॉट करताना चुकीची सीटीबी लागली की सगळं काळं होतं.

४. बाइंड. खरी मेख इथे आहे. मला हे नीट उमजायला बराच काळ गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

बाइंड म्हणजे एक्सरेफने जोडलेली फाइल शीटमध्येच कायमची सामावून घेणं. ते नेहमी प्रतीवर करायचं, मूळ फाइलवर कधीच नाही. त्याआधी एक्सरेफची यादी उघडून प्रत्येक फाइल लोड झाली आहे ना ते पाहा. अनलोड केलेली किंवा न सापडलेली एक्सरेफ बाइंड होत नाही. ‘ओव्हरले’ या प्रकाराने जोडलेल्या फाइल्सवर खास लक्ष ठेवा: प्लॅनच्या आत ग्रिड ओव्हरले म्हणून असेल, तर शीटमध्ये ती दिसतच नाही.

आता या कमांडमध्ये ऑटोकॅड दोन पर्याय देतं, बाइंड आणि इन्सर्ट. बाइंड घेतलं तर प्रत्येक लेअरच्या (ड्रॉइंगमधल्या थराच्या) नावाआधी फाइलचं नाव आणि डॉलर-शून्य-डॉलर असं लचांड लागतं. दिसायला गचाळ, म्हणून मंडळी इन्सर्ट दाबतात. इन्सर्टने नावं स्वच्छ राहतात, पण एकाच नावाचा ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र) शीटमध्ये आणि प्लॅनमध्ये दोन्हीकडे असेल तर शीटमधला ब्लॉक टिकतो आणि प्लॅनमधला जातो. दुसरीकडून आलेल्या एका फाइलमध्ये मी हे पाहिलं आहे. प्लॅनमध्ये ‘डी१’ म्हणजे १००० मिलिमीटरचं दार होतं. शीटमध्ये दरवाजांच्या तक्त्यासाठी कुणीतरी ९०० चा ‘डी१’ बनवून ठेवला होता. इन्सर्ट झालं आणि प्रत्येक फ्लॅटचं मुख्य दार १०० मिलिमीटरने आखडलं. ऑटोकॅडने चकार शब्द काढला नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: जपायच्या प्रतीला बाइंडच. नावं गचाळ झाली तरी चालतील, ते ड्रॉइंग आपण पुढे वापरणार नाही. छाननीच्या सॉफ्टवेअरला लेअरची ठरलेली नावंच लागतात हे खरं, पण ती फाइल तुम्ही दुसऱ्या पायरीत जशीच्या तशी ठेवलेलीच आहे. या दोन प्रतींची कामं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

आणखी एक. बाइंड फक्त डीडब्ल्यूजीला लागू होतं. लोकेशन प्लॅनसाठी लावलेलं विकास आराखड्याचं चित्र किंवा मोजणीच्या नकाशाची पीडीएफ बाइंडनंतरही बाहेरच राहते. ती ईट्रान्समिटच्या पॅकेजमधून उचलून बाइंड केलेल्या फाइलशेजारी ठेवा आणि पाथ रिलेटिव्ह करा, म्हणजे फोल्डर हलवलं तरी ती सापडते.

५. तारीख गोठवा. टायटल ब्लॉकमध्ये तारीख किंवा फाइलचं नाव फील्डने (ऑटोकॅड स्वतः भरतं त्या मजकुराने) येत असेल तर ते आपोआप बदलतं. फील्डचा साधा टेक्स्ट करा.

६. तपासणी. फोल्डरची झिप करून ती ऑफिसच्या नेटवर्कशी न जोडलेल्या कॉम्प्युटरवर उघडा. आपल्याच टेबलावर सगळं उघडणारच, कारण मूळ फाइल्स तिथेच असतात. बाइंड केलेल्या प्रतीच्या एक्सरेफच्या यादीत जोडलेली एकही डीडब्ल्यूजी उरायला नको. मग ऑटोकॅड २०१९ पासून आलेल्या ‘कम्पेअर’ने अपलोड केलेली डीडब्ल्यूजी आणि बाइंड केलेली प्रत ताडून पाहा. दारं, जिने, पार्किंगचे चौकोन डोळ्यांनी तपासा. हे ज्युनियरवर सोपवू नका.

७. कुलूप. ‘रीड ओन्ली’ची खूण केली म्हणजे फाइल सुरक्षित झाली असं नाही, ती खूण कुणीही काढतं. विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडने झिपचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढा आणि क्लायंटला पाठवायच्या मेलमध्ये लिहा. फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी हा आकडा वेगळा येतो. एक प्रत ऑफिसबाहेर ठेवा.

शेरे मारून परत आलेला संच आणि शिक्क्याचा मंजूर संच यांना स्वतंत्र फोल्डर हवेत. अधिकाऱ्याने हाताने केलेली दुरुस्ती तुमच्या डीडब्ल्यूजीत नसते, तेव्हा शिक्क्याची शीट रंगीत स्कॅन करा.

रेव्हिट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मॉडेल डिटॅच करून (मध्यवर्ती फाइलपासून तोडून) सेव्ह करावं, लिंक केलेल्या फाइल्सही सोबत घ्याव्यात आणि रिव्हिजनच्या तक्त्यात ‘इश्यूड’ची खूण करावी. आर्किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये पीएलए (आर्काइव्ह फाइल) काढा, त्यात लायब्ररीही येते.