जुन्या बुलेटची ताकद वाढवताय? इंजिन बांधताना या चुका टाळा

"इंजिन खोललंच आहे, तर थोडी पॉवरपण वाढवून द्या." ही मागणी चुकीची नाही. बिडाच्या ब्लॉकच्या जुन्या ३५० बुलेटमधून दोन-तीन घोडे जास्त काढता येतात, आणि मागे माणूस बसवून आंबा घाट चढताना ते चांगले जाणवतात. पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पाली-नाणीज पट्ट्यात नुकतीच बांधलेली जी इंजिनं पुन्हा खोलायला येतात, त्यांतली बरीचशी याच हौसेपायी बिघडलेली असतात. चुका दरवेळी त्याच. सांगून सांगून कंटाळलो, म्हणून आता लिहून ठेवतोय.

आधी इंजिन काय आहे ते समजून घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिमी, ३४६ सीसी, नवं असताना ताकद १८ बीएचपीच्या आसपास. लांब स्ट्रोकचं, खालून खेचणारं इंजिन आहे हे. ३,५०० आरपीएमला यातला पिस्टन सरासरी सेकंदाला साडेदहा मीटर पळतो, आणि तेच ५,५०० ला नेलं तर साडेसोळा मीटर. जुन्या गाडीत बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, फ्लोटिंग बुश असेल तर तो हा मार फार दिवस सोसत नाही. त्यात पाण्याचा रेडिएटर नाही. जी काही जास्तीची उष्णता तयार होईल ती ब्लॉकच्या पात्यांतून आणि तेलातूनच बाहेर जाणार. ताकद वाढवण्याचा प्रत्येक उपाय मी याच कसोटीवर बघतो: यानं उष्णता किती वाढेल, आणि ती जाणार कुठून?

आणि मुळातले १८ घोडे तरी तुमच्या गाडीत शिल्लक आहेत का? व्हॉल्व्हची सीट खाल्लेली, गाइड ढिले, हेडात कार्बनचा थर, पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप कुणीतरी अंदाजानं ठेवलेला, कार्बोरेटरची स्लाइड झिजलेली. अशा गाडीला चकचकीत पार्ट लावून काय होणार? व्हॉल्व्ह नीट घासून बसवा, पॉइंटचा गॅप पंधरा थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणा, ठिणगीचं टायमिंग डायल गेजनं लावा, इनटेकचं पॅकिंग पोर्टच्या (हवा-पेट्रोल आत जाण्याच्या वाटेच्या) आत डोकावत असेल तर ते कापून साफ करा. हे सगळं झालं की गिऱ्हाईक विचारतं, "काका, यात नवीन काय टाकलंत?" माझ्या मते पहिली आणि सर्वांत स्वस्त पॉवर हीच.

उघडा फिल्टर, मोकळा सायलेन्सर, आणि जेट मात्र जुनाच

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. मूळ फिल्टरचा डबा काढायचा, कार्बोरेटरच्या तोंडाला स्वस्तातला कोन फिल्टर किंवा नुसती जाळी लावायची, मागे मोकळा सायलेन्सर बसवायचा. आवाज दणदणीत येतो आणि गाडी पळायला लागली असं वाटतं. खरं तर इंजिनात हवा जास्त जायला लागते आणि जुन्या जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) पेट्रोल तेवढंच येतं. मिश्रण पातळ झालं की इंजिन तापतं, आणि चढावर पूर्ण रेस दिली असताना सर्वांत जास्त तापतं.

मुंबईला नोकरी करणारा साखरप्याकडचा एक मुलगा मे महिन्यात वडिलांची बुलेट घेऊन आला होता. इंजिन मुंबईतल्याच एका गॅरेजात बांधलेलं, पिस्टन नवा, वर हे दोन्ही पार्ट. घरी राहून तो मित्राला मागे बसवून कोल्हापूरला निघाला. आंबा घाटात वरच्या वळणांना गाडीची ओढ कमी व्हायला लागली. त्यानं काय करावं? आणखी रेस दिली. माथ्याच्या थोडं खाली मागचं चाक लॉक होऊन गाडी घसरली. पिस्टन पकडला होता. नशीब, मागून ट्रक येत नव्हता. अर्धा तास थांबून किक मारली तर इंजिन सुटलं, म्हणून हा पठ्ठ्या तसाच कोल्हापूरला जाऊन आला. परत येईपर्यंत सायलेन्सरमधून निळा धूर निघत होता आणि टॅपेटपेक्षा पिस्टनचाच आवाज मोठा येत होता.

माझ्याकडे खोलली तेव्हा प्लग पांढराफटक, त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी. पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) सायलेन्सरच्या बाजूनं घासून ब्लॉकला चिकटलेला. हे अपेक्षितच होतं. पण इनटेक पोर्टमध्ये बोट फिरवलं तर बोट लाल. लांज्या-राजापूरकडच्या चिरेखाणींच्या रस्त्यावर तो आठवडाभर फिरला होता, आणि जांभ्याची धूळ त्या जाळीतून थेट आत गेली होती. या धुळीत लोखंडाचं ऑक्साइड असतं, वर वाळूचे कण. दागिन्यांना चकाकी आणायला जी लाल पूड वापरतात तीही लोखंडाचं ऑक्साइडच. तेलात मिसळून हे मिश्रण रिंगांना मिळालं की घासण्याचं काम सुरू. नव्या रिंगांचा गॅप फिलर गेजनं मोजला तर बोअरच्या इंचाला चार थाऊ, म्हणजे अकरा थाऊच्या जागी तिप्पट झालेला. ब्लॉकवर उभे ओरखडे, नख अडकेल इतके. महाग पिस्टन किट, एक ओव्हरसाइज (बोअर एक माप मोठा करणं) आणि सुट्टीचे सगळे दिवस त्यात गेले. तो मात्र पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "पण काका, आवाज काय भारी येत होता!"

मोकळा सायलेन्सर लावायचाच असेल तर मेन जेट एक नंबर वाढवून सुरुवात करा आणि वाढवत जा. माझी पद्धत अशी: गाडी पूर्ण तापली की नाणीजच्या चढावर पूर्ण रेसवर न्यायची, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा दिसला तर घाट चढायचाच नाही. आणि फिल्टर मूळ डब्यातलाच ठेवायचा, फक्त नवा टाकायचा. कोकणात उघडा फिल्टर मी कुणाला लावून देत नाही, भांडण झालं तरी चालेल.

यात आता पेट्रोलचीही भर पडली आहे. पंपावर मिळणारं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल या गाड्या बनल्या तेव्हा नव्हतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर तुमची मूळ, काहीही न बदललेली गाडीसुद्धा आधीच थोडी पातळ चालते आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गणपतीला चालवलेली गाडी शिमग्यापर्यंत पडवीत उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. फ्लोटच्या वाटीत बुरशीसारखा पांढरा गंज धरलेले कार्बोरेटर मी दर फाल्गुनात साफ करतो.

ब्लॉक साबणानं न धुणं

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त घातक. आमच्याकडून ब्लॉक बोअरिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातो. काम चांगलं होतं, पण होनिंग केलेला (दगडानं आतून घासलेला) ब्लॉक परत आला की त्याच्या भिंतीवरच्या बारीक रेघांत दगडाची पूड बसलेली असते. बहुतेक फिटर पेट्रोल किंवा डिझेलनं पुसतात आणि पिस्टन घालतात. पेट्रोलनं तेल निघतं, पूड तिथेच राहते. मग लोक पंधरा दिवसांत येऊन विचारतात, नवीन रिंगांवर तेल का जळतंय?

गरम पाणी, धुण्याचा साबण आणि ताठ ब्रश. जुनं पांढरं धोतर किंवा बनियन घेऊन बोअर आतून पुसायचा. कापडावर राखाडी डाग येतोय तोवर पुन्हा धुवायचा. कापड पांढरंच निघालं की लगेच, म्हणजे त्याच मिनिटाला, तेलाचा हात फिरवायचा. आमच्या दमट, खाऱ्या हवेत कोरडं बीड रात्रभरही टिकत नाही. पावसाळ्यात तर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस झाक धरते. असा गंजलेला ब्लॉक 'पॉलिश पेपरनं पुसून' वापरणारे बघितले की मला खरोखर वाईट वाटतं, कारण लेथवाल्याची सगळी मेहनत त्या एका पुसण्यात जाते.

पिस्टन आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅपचंही तसंच. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा, आणि उष्णतेनं ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. 'टाइट बसवला की कॉम्प्रेशन भारी' असं म्हणणाऱ्या फिटरकडे ब्लॉक देऊ नका. कॉम्प्रेशन रिंगा धरतात, स्कर्ट नाही. पिस्टन बनवणाऱ्यानं दिलेला गॅप पाळा. जास्त ताकदीच्या इंजिनात मी त्याच्या वरच्या मर्यादेवर राहतो.

आणि घाई. चाकरमानी फोन करतो, "चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतोय, गाडी तयार ठेवा." इंजिन बांधून तयार होईलही, पण रिंगा ब्लॉकच्या भिंतीला घासून नीट बसलेल्या नसतात. पहिल्या दिवशी तिघांना बसवून घाटात नेलेलं इंजिन नंतर कितीही जपलं तरी तसं बसत नाही. पहिले काही शे किलोमीटर सपाटीला, रेस कमी-जास्त करत, एकटं बसून चालवा. एकाच वेगात तासभर नेऊ नका. पहिलं तेल शंभर किलोमीटरच्या आत बदला आणि काढलेल्या तेलात चुंबक फिरवून बघा. ज्याला एवढा धीर नाही त्याचं काम मी सणानंतरच घेतो.

बाकीच्या चुका

मोठा कार्बोरेटर. मूळ २४ मिमीच्या जागी ५०० सीसी बुलेटचा २८ मिमीचा बसवतात. तोंडाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे त्याच आरपीएमला हवेचा वेग चौथाईहून जास्त पडतो. खालच्या रेसला, जिथे ही गाडी खरी चालते, तिथे पेट्रोल नीट फुटत नाही. हेडचे पोर्ट आणि व्हॉल्व्ह तेच ठेवून हा बदल करू नका.

बोअर मोठा करून ताकद वाढवणं. पूर्ण एक मिलिमीटर ओव्हरसाइज केला तरी ७१ मिमीला ३५६ सीसी होतात. दहा सीसी. ओव्हरसाइज झिजेसाठी आहे. ताकदीसाठी ब्लॉकची पुढची दोन आयुष्यं खर्चू नका.

हेड घासणं. एक मिलिमीटर घासलं तर कॉम्प्रेशन साडेसहावरून जेमतेम पावणेसातच्या पुढे जातं, आणि त्यासाठी ब्लॉकचा गळा हेडात नीट बसतो का, पुशरॉडला ॲडजस्टमेंट उरते का, हे सगळं नव्यानं बघावं लागतं. थोडं जास्त कॉम्प्रेशन हवंच असेल तर त्या मापाचा पिस्टन घ्या. बांधताना पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा थर ठेवून हातानं दोन फेऱ्या द्या, हेड काढून माती कापून तिची जाडी मोजा. व्हॉल्व्ह पिस्टनला कुठे भेटतो ते तिथेच कळतं. कॉम्प्रेशन वाढवलं तर टायमिंग थोडं मागे घ्यावं लागतं, हेही विसरू नका.

पॅकिंगला सिलिकॉनचा लेप. बाहेर जेवढा फुगून दिसतो तेवढाच आतही फुगतो, आणि तुटलेला तुकडा तेलाच्या वाटेत जाऊन बसतो.

कोरडं इंजिन सुरू करणं. तेलाच्या फिल्टरच्या घरात आधी तेल भरा, प्लग काढून किक मारत राहा, रॉकरला जाणाऱ्या नळीचा बोल्ट ढिला करून तिथे तेल पोचलं ते डोळ्यांनी बघा. मगच प्लग लावा.

ब्लॉकला जाड रंग किंवा पावडर कोटिंग. गंजाची भीती मला समजते, मीही समुद्राच्याच वाऱ्यात राहतो. पण जाड थर म्हणजे पात्यांवर पांघरलेली गोधडी. उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक पातळ हात पुरतो. त्याआधी पात्यांमधला गंज आणि चिखल तारेच्या ब्रशनं काढा.

पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं करणं. १६ दातांच्या जागी १८ चं लावलं की महामार्गावर इंजिन शांत चालतं, हे खरं. पण साखरपा सोडलं की तिसऱ्यात जाणारी गाडी दुसऱ्यात जाते, आणि कमी वाऱ्यात जास्त रेसवर चढणारं इंजिन तापतं. ताकद खरंच वाढली असेल तर १७ लावून बघा, आणि घाट उतरताना पुढचा ड्रम ब्रेक तेवढा वेग धरतो का तेही बघा. त्याचे लायनर बदलल्याशिवाय मी अशी गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही.