आरशाची लेन्स आणि ५० चा आकडा

कॅमेऱ्यासाठी जुनी ५०० मिमी एफ/८ आरशाची लेन्स घेतली (दूरचं जवळ आणणारी, आत आरसे असलेली). लांबी जेमतेम वीतभर. राकसकोप जलाशयावर सकाळी बगळ्यांचे साठेक फोटो काढले. बेळगावात घरी येऊन बघतो तर सगळे मऊ, म्हणजे धूसर. आरशालाच बुरशी असणार म्हणून विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मग एक फोटो मोठा करून पाहिला. पाण्यावरच्या चमकीची कडी (ही लेन्स मागचे ठिपके मेदूवड्यासारखे काढते, मला आवडतात) एकाच दिशेला फरफटलेली. म्हणजे फोकस नव्हे, हात हलला होता. पण कॅमेऱ्याच्या बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) चालू होतं की! त्याला लेन्स किती मिमीची ते कळावं लागतं; मेनूत बघितलं तर तिथं ५० मिमी. लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्कच नाही, कॅमेऱ्याला कळणार कुठून? ५०० घातले. अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं भोक) बदलता येत नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० आणि शटर १/१००० सेकंद. फोकस स्क्रीनवर चित्र मोठं करूनच. रिंग टोकाला नेऊन टेकवायची नाही, ती अनंताच्या (अगदी दूरच्या फोकसच्या) जागेच्याही पुढे जाते.

पुढच्या रविवारी बगळ्याच्या मानेवरची पिसं सुटी दिसली. कॉन्ट्रास्ट मात्र फिकाच, तो नंतर कॉम्प्युटरवर वाढवतो.