जांघेतली वाळू: बाळाला समुद्रावर नेताना

अलिबागच्या सहलीत बाळ किरकिरतं ते बऱ्याचदा उन्हाने नाही, डायपरमधल्या वाळूने. साधा डायपर समुद्राच्या पाण्यात फुगून लोंबतो, कडेने वाळू आत शिरते आणि जांघेत घासत राहते. त्या ओल्या वाळूवर वाइप फिरवला की झालाच काचपेपर. चूक नेमकी इथे होते.

लागू पडलेला उपाय असा: पाण्यात जाण्याआधी जांघेच्या घड्यांना झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर, वर स्विम डायपर, म्हणजे पाण्यात न फुगणारा. तो शी अडवतो, शू नाही. म्हणून मुंबईचा भाऊचा धक्का ते अलिबागजवळचं मांडवा या तासाभराच्या रो-रो बोटीत साधाच डायपर बरा. बाहेर आल्यावर वाळू सुकू द्या, जुन्या मलमलच्या लंगोटाने हलकेच झटका, मग २ लिटर गोडं पाणी वरून ओता. पुसायचं नाही, टिपायचं. पावडर नकोच, श्वासात जाते.

पावसाळ्यात किनाऱ्यावर काळे डांबरगोळे येतात. तळपायाला चिकटले तर खोबरेल तेल चोळा, कापसाने निघतात. रॉकेल अजिबात नको.

६ महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि पूर्ण बाह्यांचं झबलं. उकाड्यातही वरचं पाणी नाही, दूधच जास्त वेळा. १० ते ४ खोलीतच.

आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. कालच्या वेळेवर विसंबून चटई अंथरू नका.