नाताळची सुट्टी, गच्ची आणि अंदाजाची वही

नाताळच्या सुट्टीत माझी तीन नातवंडं मुंबईहून नाशिकला येतात. थोरला १२ वर्षांचा, मधली ९ची, धाकटा ६चा. पहिल्या वर्षी मी रोज नवीन काहीतरी काढून ठेवायचे, कागदाची फुलं, मण्यांच्या माळा. तासाभरात ‘आजी, आता काय करू?’ सुरू व्हायचं. मग एक गोष्ट ध्यानात आली. मुलांकडून आधी अंदाज लिहून घेतला आणि मग मोजायला दिलं, तर ती त्या कामाला चिकटून राहतात. आपला आकडा खरा ठरतो का, हे बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. म्हणून सुट्टीची खरेदी एवढीच: २०० पानी वही आणि खडूंचा डबा.

दिवस सुरू होतो निफाडच्या पाऱ्याने. आमच्या जिल्ह्यातलं निफाड थंडीसाठी प्रसिद्ध. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान थंडीच्या दिवसांत पेपरात येतं. झोपण्याआधी तिघं आपापला आकडा लिहितात, सकाळी पेपरवाल्याची वाट बघत दारात उभी. ढगाळ रात्री पारा फार उतरत नाही, हे मधलीने चौथ्या दिवशी वहीवरून स्वतः शोधलं. जमिनीची ऊब ढगांमुळे अडून राहते, एवढं कारण मी सांगितलं.

पण सगळ्यांत रंगते ती दुपारची सावली. त्यासाठी सव्वा मीटरचा सरळ दांडा घ्या, टेरेसवर लाकडी खुर्चीच्या पाठीला सुतळीने उभा बांधा. बूड फरशीला टेकलं पाहिजे. दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करा आणि दांडा कललेला नाही ना, ते दोन बाजूंनी तपासा. नुसत्या टोकाची सावली धूसर पडते, खूण नीट करता येत नाही. म्हणून हातभर पुठ्ठ्याला पेन्सिलीच्या टोकाने लहानसं भोक पाडा आणि ते जमिनीपासून बरोबर १ मीटर उंचीवर येईल असा पुठ्ठा दांड्याला चिकटवा. पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा छोटा गोल ठिपका पडतो. तो ठिपका म्हणजे सूर्याचं चित्रच. मुलांनी फक्त तो बघायचा, वर सूर्याकडे मुळीच नाही. हे मी रोज बजावते.

आता विचारा: सावली सर्वांत आखूड किती वाजता होईल? तिघंही म्हणाले, १२ वाजता. बाराच्या ठोक्यापासून दर १० मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खडूची खूण करायला लावा. १२ला, १२:१०ला, १२:२०ला सावली आखूडच होत जाते. ती थांबते १२:३५च्या सुमारास. थोरल्याला वाटलं, घड्याळ चुकलंय. चूक कोणाचीच नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतं, नाशिक ७३.८ अंशांवर आहे, आणि एक अंश सरकायला सूर्याला ४ मिनिटं लागतात. गुणाकार मुलांना करू द्या. मुंबई, पुणे, नागपूर, प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं येतं आणि नकाशा आपोआप उघडला जातो. शिवाय सर्वांत आखूड सावलीची रेघ बरोबर उत्तर दिशा दाखवते.

२५ डिसेंबरला आमची सावली, म्हणजे दांड्याच्या बुडापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर, ९४ ते ९५ सेंटीमीटर भरली. १ जानेवारीला ती सेंटीमीटरभर कमी झाली. धाकट्याने पट्टी तीनदा लावून बघितली.

संध्याकाळी मटार. दर शेंगेला आधी दाणे सांगायचे, मग सोलायची. दोन किलो मटार कधी संपतो कळत नाही.

एक पहाट नांदूर मध्यमेश्वरला द्या. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे पाणपक्ष्यांचं अभयारण्य, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं. उजाडताना पोचा, कानटोप्या घाला, एक दुर्बीण तिघांत फिरवा. आधी एकच पक्षी ठरवून घ्या. आम्ही चक्रवाक घेतला, कारण त्याचा नारिंगी रंग लहान मुलालाही लांबून ओळखता येतो.

रात्री साडेआठला पुन्हा गच्ची, चटई आणि शाली. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. चार पाय सापडले की मधला तीन ताऱ्यांचा बाण सापडतो. बाणाची रेघ खाली लांबवली की व्याध, वर लांबवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुपका. त्यात किती तारे दिसतात, हे प्रत्येकाने न बोलता वहीत लिहायचं. मला आता पाच दिसतात, धाकट्याला सात.

निघताना थोरल्याने विचारलं, ‘आजी, अशीच आखूड होत गेली तर सावली संपेल का गं?’ संपते. मे महिन्यात एका दुपारी नाशिकला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. खडूच्या खुणांवर आम्ही तैलरंग फिरवला. ती तारीख कोणती, याचे तिघांचे तीन अंदाज वहीत आहेत, आणि वही माझ्या कपाटात.