जुन्या कॉम्प्युटरची मेमरी मोकळी कशी करावी: काय बंद करायचं, कशाला हात लावायचा नाही

विंडोज १० किंवा ११ चालवणाऱ्या ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडण्याआधीच बरीचशी मेमरी व्यापलेली असते. त्यातली काही नक्की परत मिळवता येते, पण दिसेल ते बंद करत सुटलात तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

सुरुवात रीस्टार्टने करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. सगळं खरोखर नव्याने सुरू होतं ते रीस्टार्ट केल्यावर.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करा. आधी 'परफॉर्मन्स' मध्ये जाऊन 'मेमरी' निवडा. तिथला 'अव्हेलेबल' हा आकडा महत्त्वाचा. 'कॅश्ड' मोठा दिसला म्हणून घाबरू नका. ती मेमरी विंडोजने रिकामी ठेवण्याऐवजी कामाला लावलेली असते आणि एखाद्या प्रोग्रामने मागितली की लगेच सोडली जाते.

मग 'प्रोसेसेस' मध्ये येऊन 'मेमरी' या शीर्षकावर क्लिक करा, म्हणजे सर्वात जास्त मेमरी खाणारे वर येतील. बहुतेक वेळा पहिला नंबर ब्राउझरचा असतो. त्याच्या मागोमाग चॅटचे, क्लाउडवर फाइली चढवणारे आणि गेमचे लाँचर असतात. हे शक्यतो त्यांच्याच मेनूतून किंवा घड्याळाशेजारच्या आयकॉनवर राइट क्लिक करून बंद करा. 'एंड टास्क' शेवटचा उपाय, कारण त्यात सेव्ह न केलेलं काम जातं.

पण आज बंद केलेला प्रोग्राम उद्या कॉम्प्युटरबरोबर पुन्हा सुरू होणारच. म्हणून टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' विभागात जा, नको असलेल्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. माझ्या मते सगळ्या खटाटोपात सर्वाधिक फळ देणारी पायरी हीच. प्रोग्राम अनइन्स्टॉल होत नाही, फक्त तुम्ही बोलावल्याशिवाय येत नाही. अँटीव्हायरस आणि टचपॅड, साउंड यांच्या नोंदी मात्र राहू द्या.

सीएसआरएसएस (csrss), विनइनिट (wininit), एलसास (lsass) ही विंडोजच्या स्वतःच्या अत्यावश्यक प्रोसेसेसची नावं दिसली तर हात लावू नका. यांतलं काही बंद झालं तर कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून किंवा तसाच रीस्टार्ट होतो आणि हातातलं काम जातं. 'सर्व्हिस होस्ट' च्या भरपूर नोंदी पाहून व्हायरसची शंका येते, पण त्या नेहमीच्याच आहेत; ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर २०१७ पासून विंडोज १० बहुतेक सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे छोटे प्रोग्राम) वेगवेगळ्या चालवतं. याउलट 'विंडोज एक्सप्लोरर' सुस्तावला असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' बिनधास्त द्या. टास्कबार क्षणभर जाऊन परत येईल.

सर्व्हिसेस बंद करायच्याच असतील तर विंडोज आणि आर दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' इंग्रजीत (services.msc) टाइप करा. प्रिंटर नसेल तर 'प्रिंट स्पूलर' थांबवता येतो, पण मग पीडीएफमध्ये प्रिंट करणंही थांबेल. 'सिसमेन' तुम्ही वारंवार वापरता ते प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवतो. तो बंद केल्याने मेमरीचा फारसा लाभ नाही. डिस्क सतत १०० टक्क्यांवर अडकत असेल तरच करून पाहा. एका वेळी एकच सर्व्हिस बदला, आधीचा 'स्टार्टअप टाइप' कागदावर लिहून ठेवा आणि 'डिसेबल्ड' ऐवजी 'मॅन्युअल' निवडा. पण खरं सांगायचं तर एकेका सर्व्हिसमागे वाचते ती मोजकीच मेमरी. ब्राउझरचे चार टॅब बंद केलेत तर त्याहून जास्त हाती लागते.

एका क्लिकमध्ये रॅम साफ करणारी सॉफ्टवेअर टाळा. ती चालू प्रोग्रामचा डेटा मेमरीबाहेर ढकलतात, आकडा छान दिसतो, आणि तोच डेटा परत आणताना कॉम्प्युटर आणखी रखडतो.

एवढं करूनही 'अव्हेलेबल' अगदी तळाला राहत असेल तर 'परफॉर्मन्स' मधल्या 'मेमरी' पानावर 'स्लॉट्स यूज्ड' पाहा. एखादा स्लॉट रिकामा असेल तर रॅम वाढवता येईल. मात्र त्याआधी सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम', मग 'अबाउट' उघडून 'सिस्टीम टाइप' वाचा: ३२ बिटचं विंडोज १० असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरताच येत नाही.