जर्मनीत कुत्रं पाळणार असाल किंवा गाडी घेणार असाल, तर आधी हे वाचा

इथे पाळीव जनावर सुटून गाडीखाली आलं तर पैशाचा पहिला प्रश्न जनावराच्या मालकाला विचारतात, गाडीवाल्याला नंतर. नवीन आलेल्या बहुतेकांना हे उलटंच वाटतं, कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की गाडी मोठी म्हणजे चूक गाडीवाल्याची, किंवा मग जनावराचं काय, उडालं तर उडालं, पुढे चला. दोन्ही इथे चालत नाही आणि दोन्ही प्रकारचे लोक मी अडकताना बघितलेत.

आधी आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं सांगतो, फ्रँकफर्टजवळच राहतात. दुसऱ्या हिवाळ्यात (बरोबर याच वेळी सगळ्यांना कुत्रं घ्यावंसं वाटतं, अंधार आणि एकटेपणा) रोमानियातून आणलेलं एक रेस्क्यू कुत्रं दत्तक घेतलं. गोड होतं पण घाबरट. एका सकाळी कचऱ्याचा ट्रक शेजारी येऊन थांबला, ब्रेकचा फुस्स आवाज झाला आणि ते कुत्रं मागे मागे सरकलं, कान मागे, मान बारीक, आणि पट्टा डोक्यावरून अलगद निघून आला. वहिनींच्या हातात नुसती दोरी. कुत्रं सरळ रस्त्यावर, समोरून येणारी गाडी, धडाम. कुत्रं वाचलं, खुब्याचं ऑपरेशन झालं. मग दोनेक आठवड्यांनी वकिलाचं पत्र आलं, गाडीवाल्याच्या वकिलाचं. बंपर, बंपरच्या मागचा अंतर मोजणारा रडार, तो परत सेट करायचे पैसे, रंग, डॅमेजचा रिपोर्ट देणाऱ्या गुटाख्टरची फी, गाडी गॅरेजमध्ये असताना घेतलेल्या भाड्याच्या गाडीचे पैसे, वर वकिलाचे. सगळं मिळून सहा हजार युरोच्या वर. दादा मला म्हणाला, "अरे आमच्या कुत्र्याला उडवलं आणि वर आम्हीच पैसे द्यायचे?"

हो. तुम्हीच. आणि त्याच्याकडे हाफ्टफ्लिश्ट इन्शुरन्स (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) होता हो, आल्या आल्या सगळ्यांनी घ्यायला लावला होता. फक्त त्यात कुत्रं येत नाही.

हे परत सांगतो कारण हीच चूक दरवर्षी कोणीतरी करतंच. तुमच्या नेहमीच्या प्रायव्हेट हाफ्टफ्लिश्टमध्ये मांजर, ससा, पोपट येतात. कुत्रा आणि घोडा येत नाही. कुत्र्यासाठी वेगळी हुंडेहाफ्टफ्लिश्ट लागते. वर्षाला साधारण ५० ते १०० युरो. दोघं बाहेर जेवलात तर तेवढे जातात. कुत्रं घरात यायच्या आधी घ्या, "पुढच्या महिन्यात बघू" नको, कारण पॉलिसी मागच्या तारखेपासून लागू होत नाही. बर्लिन, हाम्बुर्ग, नीडरझाक्सन, झाक्सन-आनहाल्ट, श्लेस्विग-होल्श्टाइन आणि थ्युरिंगेन या राज्यांत ती सगळ्याच कुत्र्यांना सक्तीची आहे, नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये ४० सेंटीमीटरपेक्षा उंच किंवा २० किलोपेक्षा जड कुत्र्यांनाही. हेसन आणि बायर्नमध्ये साध्या कुत्र्याला सक्ती नाही, आणि आपली माणसं "सक्ती नाही" म्हणजे "गरज नाही" असं वाचतात. ज्या जोडप्याचं सांगितलं ते हेसनमधलंच.

आणखी एक गोड गैरसमज. "आम्ही हुंडेश्टॉयर भरतो की." अहो तो कुत्रं पाळण्याचा टॅक्स आहे, गावाच्या तिजोरीत जातो. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, म्युनिकमध्ये १००. त्याच्या बदल्यात गळ्यात लटकवायचा एक बिल्ला मिळतो, बाकी काही नाही. अपघाताशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता हे असं का, ते थोडं समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. जर्मन नागरी कायद्याचं, म्हणजे बीजीबीचं, ८३३ वं कलम म्हणतं की हौसेखातर पाळलेल्या जनावराने नुकसान केलं तर पाळणारा जबाबदार, त्याची चूक असो वा नसो. पट्टा नवा होता, दार नीट लावलं होतं, कुत्रं कधीच असं करत नाही, हे सगळं खरं असलं तरी उपयोग नाही. जनावर आहे म्हणजे ते कधी काय करेल सांगता येत नाही आणि तो धोका तुम्ही घरी आणलात, एवढंच. शेतकऱ्याच्या राखणीच्या कुत्र्यासारख्या कामाच्या जनावरांना थोडी सवलत आहे, तुमच्या सोफ्यावरच्या लॅब्राडोरला नाही.

पण याची दुसरी बाजू पण आहे आणि ती गाडीवाल्यांनी वाचा. गाडी रस्त्यावर चालते हाच एक धोका धरलाय, त्याला बेट्रीब्सगेफार म्हणतात, वाहतूक कायद्याचं सातवं कलम. म्हणजे तुमची चूक नसली तरी थोडा वाटा तुमच्याकडे येऊ शकतो. मग कुत्र्याचा धोका एका पारड्यात, गाडीचा दुसऱ्या पारड्यात, आणि इन्शुरन्सवाले नाहीतर कोर्ट टक्के ठरवतं. झुडपातून अचानक मोकळं कुत्रं आलं आणि तुम्ही नियमात चालवत होतात, कितीही सावध ड्रायव्हरला टाळता आलं नसतं, तर बहुतेक सगळं कुत्र्याच्या मालकावर. पण तीसच्या झोनमध्ये पन्नासने, किंवा निळ्या पाटीच्या खेळायच्या रस्त्यावर (तिथे चालण्याच्या वेगानेच जायचं असतं) आरामात पंचविसाने जात असाल, तर तुमचा वाटा चांगलाच वाढतो, आणि मग कुत्र्याच्या दवाखान्याच्या बिलातला तेवढा भाग तुमच्या गाडीच्या इन्शुरन्समधून जातो आणि पुढच्या वर्षी तुमचा हप्ता वाढतो. नवीन आलेल्यांचा हप्ता आधीच डोळे पांढरे करणारा असतो.

दवाखान्याचं बिल म्हणजे किती, तर हसू नका. २०२२ च्या नोव्हेंबरपासून जनावरांच्या डॉक्टरांचे दर वाढलेत, रात्री-रविवारी गेलात तर ५० युरो इमर्जन्सी फी वेगळी आणि बाकीचे दर चौपटीपर्यंत लावता येतात. आणि "साधं गावठी कुत्रं, त्याची किंमत ती काय" हा युक्तिवाद इथे चालत नाही. जनावर म्हणजे वस्तू नाही असं कायद्यातच लिहिलंय, उपचाराचा खर्च बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त झाला तरी तेवढ्यावरून तो अवाजवी ठरत नाही. २०१५ साली इथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टापर्यंत एका मिश्र जातीच्या कुत्र्याची केस गेली होती, गाडीची नव्हे, दुसऱ्या कुत्र्याने चावल्याची. बाजारभाव शून्य, बिल चार हजारांच्या वर, त्यातले ३००० युरो योग्य धरले. मात्र कुत्रं गेल्याच्या धक्क्याचे, दुःखाचे पैसे मिळत नाहीत. ट्रॅक्टरखाली लॅब्राडोर गेलेल्या एका बाईंनी ते मागितले होते, २०१२ मध्ये त्याच कोर्टाने नाही म्हटलं.

बरं, गाडी चालवताना झालंच तर. थांबा. प्लीज थांबा. आपल्याकडचे काही जुनेजाणते इथे येऊन पंधरा वर्षं झाली तरी सल्ला देतात की मांजरच होतं ना, निघून जायचं, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता. असल्यांचं ऐकू नका. पाळीव जनावर म्हणजे कोणाचं तरी नुकसान झालेलं आहे, न थांबता गेलात तर तो उनफालफ्लुख्ट, म्हणजे अपघात करून पळणं, फौजदारी गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड असं कलम आहे. कैद कोणी करत नाही एवढ्यासाठी, पण लायसन्स जाऊ शकतं, इन्शुरन्स कंपनी दिलेले पैसे तुमच्याकडून परत मागू शकते, आणि उद्या नागरिकत्वाचा फॉर्म भराल तेव्हा शिक्षा झालीये का हा रकाना असतो. शिवाय इथे कोणी बघितलं नाही असं होत नाही. पडद्यामागे एक आजी असतेच, आणि तिने नंबर लिहून घेतलेला असतो. जर्मन माणूस रस्त्यावर आरडाओरडा करत नाही, घरी पत्र पाठवतो.

थांबलात की चारही ब्लिंकर लावा, पिवळी वेस्ट घाला (ती डिकीत सामानाखाली नको, सीटजवळ ठेवा), त्रिकोण ठेवा, ११० ला, म्हणजे पोलिसांना, फोन करा. जखमी कुत्र्याला एकदम हात लावू नका, वेदनेत मालकालाही चावतं. फोटो काढा. मालक आला तर नाव-पत्ता आणि त्याच्या इन्शुरन्सचं नाव घ्या, आणि "घ्या पन्नास युरो, मिटवून टाकू" हे दोन्ही बाजूंनी करू नका, ना द्या ना घ्या, रडार मोडलाय हे चार दिवसांनी डॅशबोर्डवर लाल दिवा लागल्यावर कळतं. जनावर स्वतः उचलून क्लिनिकमध्ये नेलंत तर नेणाऱ्याच्या नावावर बिल बनू शकतं, म्हणून पोलिसांना ठरवू द्या. हरीण किंवा रानडुक्कर असेल तरी ११०, तो वेगळा विषय, फक्त गाडीत घालून घरी आणू नका, ती चोरीची शिकार धरतात.

ब्रेकचं एक. मागे गाडी चिकटलेली असताना मांजर किंवा खारीसाठी करकचून ब्रेक मारलात आणि मागचा आदळला, तर थोडा दोष तुमच्यावरही येतो, कारण सबळ कारणाशिवाय जोरात ब्रेक मारायचा नाही असा नियम आहे. ऐकायला निर्दय वाटतं. मला अजूनही वाटतं, पण नियम तसा आहे. मोठं कुत्रं असेल तर गोष्ट वेगळी.

स्वतःच्या गाडीसाठी टाइलकास्को (आपल्याच गाडीच्या ठराविक नुकसानीचा इन्शुरन्स) घेताना "सगळ्या प्रकारची जनावरं" असा शब्द आहे का बघा, जुन्या-स्वस्त पॉलिसीत फक्त केसाळ रानटी जनावरं असतात, शेजाऱ्याचं कुत्रं त्यात बसत नाही.

कुत्रंवाल्यांनो, कातडीखाली ओळखीची चिप बसवली म्हणजे नोंदणी झाली असं नाही. भारतातून आणलेल्या कुत्र्याची चिपसुद्धा इथे टासोमध्ये (हरवलेल्या पाळीव जनावरांचे मालक शोधायची नोंदवही) वेगळी नोंदवावी लागते, फुकट आहे. घाबरट कुत्र्याला नुसता पट्टा नको, छातीचा हार्नेस पण, आणि दोरी दोन्हींना. झिल्व्हेस्टरच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आठवड्यात तर नक्कीच. २९ तारखेपासून फटाके विकायला सुरुवात होते आणि ३१ च्या दुपारपासूनच गल्लीत ठो ठो सुरू, दिवाळीला सरावलेलं कुत्रं सुद्धा बिथरतं.

शेवटचं, सुट्टीचं. मे महिन्यात किंवा दिवाळीला चार-पाच आठवडे भारतात जाताना कुत्रं मित्राकडे ठेवतात, तोही बिचारा हो म्हणतो. तेव्हाही ते सुटून गाडीखाली गेलं तर मालक म्हणून तुम्हीच जबाबदार, तुम्ही पुण्यात आमरस खात असलात तरी, आणि मित्राने हलगर्जी केली असेल तर तोही अडकतो. बऱ्याच हुंडेहाफ्टफ्लिश्टमध्ये घरगुती सांभाळणारा कव्हर असतो पण सगळ्यात नाही, तेव्हा निघण्याआधी पॉलिसीत ती ओळ शोधा, आणि ती पीडीएफ, टासोचा नंबर आणि जवळच्या टिअरक्लिनिकचा (जनावरांच्या दवाखान्याचा) पत्ता मित्राला पाठवून ठेवा. आणि त्याने दुसऱ्याचं कुत्रं पट्ट्याशिवाय सोडायचं नाही, कितीही शहाणं असलं तरी, हे तोंडावर सांगा, लाजू नका.