बाळ झोपलं की बाम बनवायला घेताय? आधी हे करून ठेवा

बाळाची झोप पाऊण तासाची आणि त्यातला अर्धा वेळ वजन करण्यातच जातो, म्हणून मी आता हे काम दोन झोपांमध्ये वाटून टाकलंय.

१. एका झोपेत फक्त वजन. काचेच्या बरणीत ४० ग्रॅम मधमाश्यांचं मेण आणि १६० ग्रॅम तेल, झाकण लावून तारीख लिहायची, अशा चार-पाच बरण्या भरून ठेवते.

२. पुढच्या झोपेत बरणी झाकण काढून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, वितळलं की डब्यांत ओतायचं. मध्येच बाळ उठलं तर सरळ गॅस बंद करा, बाममध्ये पाणी नसतं त्यामुळे नंतर परत वितळवता येतं. सुगंधी तेल मात्र अगदी ओतायच्या आधीच घाला, नाहीतर वास उडून जातो.

कॉस्टिक सोड्याचा (त्वचा भाजणारं रसायन) साबण बनवणं मात्र असं झोपेच्या भरवशावर कधीच नको, ते बाळाला दुसरं कुणी सांभाळत असेल तेव्हाच.